पोर्ट्रेट एडिट करताना हात कुठे आवरायचा?

गंगापूररोडची_ऋ

नमस्कार मंडळी. या विभागात आजवर नुसती वाचत होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

सेकंडहँड कॅमेरा घेतलाय. सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि वेगळी घेतलेली ५० एमएम एफ १.८ लेन्स, एवढाच संसार आहे. नाशकात कॅमेरा हातात आला की जो तो ब्रह्मगिरी आणि सोमेश्वरचा धबधबा काढत सुटतो. मला माणसं काढायला आवडतात.

नुकतीच आजीची पंचाहत्तरी झाली. त्यानिमित्त सकाळी तिला गोदाघाटावर नेलं, नारोशंकराच्या देवळापाशी काही फोटो काढले. मग पंचवटीतल्या मामाच्या वाड्यात खिडकीजवळ बसवून काढले. लाईटरूम या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जुजबी एडिटिंग करून घरच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात मामेभावाने त्यातलाच एक फोटो कुठल्याशा ॲपमधून फिरवून परत टाकला. सुरकुत्या साफ, रंग दोन शेड उजळ, ओठ गुलाबी. आणि आजीच्या हनुवटीवरचं गोंदण, तेही गायब! ॲपला तो डाग वाटला असणार. माझ्या फोटोवर सगळ्यांचे शिष्टाचाराचे अंगठे आणि त्याच्या फोटोवर बदामच बदाम.

राग मला बदामांचा नाही (थोडा आहे). प्रश्न असा की, मीही डोळ्यांखालचं काळं थोडं कमी केलं होतं आणि कपाळावरची घामोळी काढली होती. म्हणजे पुसापुशी दोघांनी केली. त्याची जास्त आणि माझी बरोबर, हे ठरवायचं कशावरून? नवशिक्याने थांबायचं कुठे? वाड्यातला माझा आणि त्याचा असे दोन्ही फोटो, शिवाय घाटावरचा एक, खाली डकवतेय, आजीची परवानगी घेतली आहे. जाणकारांनी सोलून काढलं तरी चालेल.

टवाळ_कार्टं

मामेभावाला आजीसमोर बसव आणि सांग, जसं पुसलंस तसं परत गोंदून दे. सुई घेऊन.

सातपूरकर

ऋताई, तुमचा फोटो चांगला आहे. नजर शार्प आहे, पदराचे काठ छान आलेत. एकच खटकलं, क्लॅरिटी जास्त झालीय. सुरकुत्या जपायच्या म्हणून तुम्ही तो स्लायडर वर नेला असावा, पण त्याने सुरकुत्या खोदल्यासारख्या दिसतात. मामेभावाने आजीला साठीची केलं, तुम्ही नव्वदीची. ओव्हर-एडिटिंग म्हटलं की सगळ्यांना गुळगुळीत प्लॅस्टिकच आठवतं, पण त्याची ही दुसरी जातही तितकीच बोकाळलेली आहे. घाटावरचे साधू बघा. दर कुंभाला त्यांचे असे फोटो येतात की जटेतला केस न् केस तारेचा वाटतो. येत्या सिंहस्थात परत येतील, लिहून ठेवा.

क्लॅरिटी मधल्या टोनमधला कॉन्ट्रास्ट वाढवते. त्यामुळे गालाखालची मऊ सावलीसुद्धा काजळीसारखी होते. टेक्स्चर नावाचा वेगळा स्लायडर २०१९ साली आला, तो बारीक पोतावर काम करतो. चेहऱ्यावर वापरायचाच तर टेक्स्चर, तोही उणे दहा-पंधराच्या आत. आणि डीहेझला (धुरकटपणा काढायचा स्लायडर) चेहऱ्याच्या आसपासही फिरकू देऊ नका.

कुठे थांबायचं, त्यासाठी माझी पद्धत सांगतो. एडिट झालं की फाइल बंद करायची, चहा प्यायचा, शक्यतो दुसऱ्या दिवशी उघडायची. डोळा फार लबाड असतो. स्क्रीनवर पंधरा मिनिटं पिवळट चेहरा बघितला की तोच त्याला नॉर्मल वाटायला लागतो, मग आपण आणखी पुढे जातो. दुसऱ्या दिवशी उघडल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जे खटकेल ते मागे घ्यायचं. लाईटरूम क्लासिकमध्ये बॅकस्लॅशचं बटण दाबलं की मूळ फोटो दिसतो, ते अधूनमधून दाबत जा. फोटोशॉपमध्ये रिटचिंग नेहमी वेगळ्या लेयरवर करायचं आणि शेवटी त्या लेयरची ओपॅसिटी (ठळकपणा) निम्म्यावर आणून बघायची. दहातल्या नऊ वेळा निम्म्यावरच जास्त बरं दिसतं. बघाच करून.

मखमलाबादी

सगळे स्लायडरवर घसरले म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. मोठं होईल, पोहे वगैरे घेऊन बसा.

माझ्या मते नवशिक्यांचं ऐंशी टक्के ओव्हर-एडिटिंग म्हणजे चुकलेल्या उजेडाची भरपाई असते. ऋ, तुझ्या घाटावरच्या फोटोत आजीचा चेहरा जरा राखाडी दिसतोय, मातकट. तो एडिटिंगने तसा झालेला नाही. तो कॅमेऱ्यातच तसा आला आणि मग सावरता सावरता आणखी बिघडला. काय झालं असेल सांगतो. मागे देवळाचा काळा बसाल्ट, पायाखाली काळा घाट, फ्रेमचा बराच भाग काळा. कॅमेऱ्याच्या मीटरला वाटतं अंधार आहे, तो एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवतो. मग कपाळ आणि गालाचं हाड पांढरं पडतं. तू लाईटरूममध्ये हायलाइट्स (उजळ भागांचा स्लायडर) खाली ओढलेस, पण जिथे माहितीच उरलेली नाही तिथे खाली ओढून पांढऱ्याचं राखाडी होतं, त्वचा परत येत नाही. काळ्या दगडासमोर माणूस उभा केला की एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशोबात आपण केलेली कमी-जास्त) उणे ०.७ च्या आसपास नेऊन बघायचं. वाड्यात नेमकं उलटं होतं. मागे चौकातलं ऊन आलं की मीटर घाबरून चेहरा काळवंडवतो, तिथे अधिककडे जायचं. स्पॉट मीटरिंग (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) चेहऱ्यावर ठेवलं तर हा खेळ बराच टळतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडचे चेहरे बहुतेक सावळे किंवा गव्हाळ. गोऱ्या चेहऱ्याची ठेवण सावल्यांवरून कळते, सावळ्या चेहऱ्याची ठेवण जास्त करून चमकेवरून कळते. कपाळाचा उंचवटा, नाकाचा कणा, गालाचं हाड, इथे उजेडाचा जो तुकतुकीत पट्टा पडतो त्यावर सगळा चेहरा उभा असतो. युट्यूबवरचे बहुतेक धडे गोऱ्या मॉडेलवर असतात, त्यात सांगतात की चमक मारा. आपण ती आजीच्या कपाळावरून मारतो आणि चेहरा पोळीसारखा सपाट होतो. मग सपाट झाला म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवतो. मग कॉन्ट्रास्टने रंग भडक झाला म्हणून सॅच्युरेशन कमी करतो. पाच स्लायडर हलले, आणि मुळात काही बिघडलेलंच नव्हतं.

घामाची चमक वेगळी आणि उजेडाची वेगळी, हे मात्र खरं. त्यासाठी पिशवीत साधा रुमाल नाहीतर टिश्यू ठेवायचा, क्लिक करण्याआधी कपाळ-नाक टिपायचं. दहा सेकंदांचं काम आहे, ब्रशने करायला वीस मिनिटं लागतात.

उजेड कोणता घ्यायचा? वाड्याची खिडकी तू घेतलीस ते उत्तम. आजीला खिडकीशी काटकोनात बसवून चेहरा थोडा खिडकीकडे वळवायचा आणि अंधाऱ्या बाजूला पांढरं धोतर नाहीतर चादर कुणाला तरी धरायला लावायची. डोळ्यांखालचं काळं निम्मं तिथेच भरून निघतं. घाटावर काळा दगड खालून काहीच उजेड परत देत नाही, म्हणून हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. तिथेही तेच, मांडीवर पांढरी शाल. आणि उन्हाळ्यात दुपारी घाटावर पोर्ट्रेट काढायला जाऊच नये. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नाशकात सूर्य दुपारी साडेबाराच्या आसपास अक्षरशः डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या उजेडात कुणाचाही चेहरा बिचारा दिसतो. याउलट श्रावणातला ढगाळ दिवस म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स.

एक राहिलं. एफ १.८ चा, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवायचा मोह. दीड मीटरवरून ५० एमएमने एफ १.८ वर काढलं की फोकसमध्ये जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर खोली राहते. डोळा शार्प, कान गेला, गालाचा पोतही निम्मा गेला. वर त्यावर स्किन स्मूदिंग चढवलं की मेणाचा पुतळा तयार. आजीसारख्या चेहऱ्याला एफ ४ ठेव. बॅकग्राउंड थोडी दिसली तर दिसू दे, आपलाच वाडा आहे.

गंगापूररोडची_ऋ

बाप रे! मखमलाबादी, दंडवत. राखाडी रंगाचं कारण मी व्हाइट बॅलन्समध्ये (उजेडाच्या रंगछटेचं सेटिंग) शोधत होते. रॉमध्ये (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) काढलं असतं तर ते पांढरं पडलेलं कपाळ परत आलं असतं का? मी जेपेगमध्ये काढते, कार्ड लहान आहे.

मखमलाबादी

काही प्रमाणात आलं असतं. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. त्यामुळे रॉ ताणला तरी तुटत नाही, जेपेग ताणला की गालावर रंगांचे पट्टे पडतात. पण रॉ म्हणजे जादू नाही. पार जळालेलं तिथेही परत येत नाही. मोठं कार्ड घे, लेन्सपेक्षा स्वस्त पडतं.

चौकातला_फोटोवाला

इथे सगळे हौशी दिसताहेत म्हणून धंद्याची बाजू मांडतो. राग मानू नका.

मी लग्नं करतो. नाशिक, सिन्नर, निफाड, येवला. अल्बम दाखवला की मुलीची आई पहिला शब्द काय काढते माहितीये? "दादा, जरा उजळ करा ना." त्या वेळी मी तिला सावळ्या चेहऱ्याची ठेवण आणि उजेडाचा पट्टा समजावत बसू का? सीझनला मुहूर्तावर मुहूर्त असतात, एकेका लग्नाचे हजारो फोटो. बॅचला प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेलं सेटिंग) लावतो आणि पुढे. ज्याचे पैसे त्याची पसंती. तुमची तत्त्वं आजीच्या फोटोपुरती ठीक आहेत. आणि जगात सगळीकडे असंच चालतं, मासिकाच्या कव्हरवर कुणाला सुरकुती असते का?

कांदेपोहे_नकोत

चौकातले दादा, तुमच्यावर राग नाही, पण "जगात सगळीकडे असंच चालतं" हे काही पटलं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड करून दाखवलं तर फोटो रिटच केल्याचं छापावं लागतं. नॉर्वेमध्ये २०२२ पासून तसाच नियम आहे, तिथे तर इन्स्टावर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांनाही तो लागू आहे. आपल्याकडे कायदा नसेल, पण लोकांच्या डोक्यात हे येतंच नाही असं नका म्हणू. एवढ्या वर्षांच्या त्या क्रीमलासुद्धा २०२० मध्ये नावातलं "फेअर" काढावं लागलं.

माझा अनुभव फोटोच्या दुसऱ्या बाजूचा आहे. स्थळासाठी माझा फोटो काढला होता. स्टुडिओवाल्याने न विचारता रंग उजळला, जबडा निमुळता केला, गालावरचा तीळ उडवला. बाबांना फोटो इतका आवडला की तोच बायोडाट्याला. मग बघायला आलेली माणसं दारातून आत आल्यावर माझ्याकडे बघत, मग एकमेकांकडे बघत. त्या एका क्षणात मला जे वाटायचं ते इथे टंकत नाही. फोटो खोटा होता आणि खोटी मी ठरत होते. पुढे मी मोबाईलवर मैत्रिणीने गच्चीत काढलेला फोटो लावला, तीळासकट.

म्हणून ऋ, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं की जे पंधरा दिवसांनी आपोआप जाणार आहे ते खुशाल काढ. घामोळी, मुरूम, डासाची चावलेली खूण. जे तिच्यासोबत राहणार आहे त्याला तिला विचारल्याशिवाय हात लावू नकोस. गोंदण, तीळ, जुना व्रण. विचारल्यावर ती म्हणाली "काढ", तर काढ. चेहरा तिचा आहे.

चौकातला_फोटोवाला

ताई, तुमच्याबाबतीत झालं ते चूकच. न विचारता तीळ काढणं हा गाढवपणा आहे, ते धंद्यातही बसत नाही.

मखमलाबादी

चौकातले भाऊ, "उजळ करा" वर एक सांगू का? लोक म्हणतात उजळ, पण बऱ्याचदा त्यांना खटकत असतो तो अंधार. मागे एलईडीचा झगमगता स्टेज, पुढे नवरी अंडरएक्सपोज. आई तक्रार करते ती त्याची, तिच्याकडे शब्द मात्र "उजळ" एवढाच आहे. चेहऱ्यापुरतं एक्सपोजर पाव-अर्धा स्टॉप वर घ्या, रंगछटेला हात लावू नका आणि दाखवा. माझ्या बघण्यात बहुतेक आया तेवढ्यावर खूश होतात. ज्या होत नाहीत त्यांच्यासाठी तुमचं प्रीसेट आहेच.

चौकातला_फोटोवाला

हे करून बघण्यासारखं आहे. पुढच्या सीझनला एका अल्बमवर बघतो.

नवा_भिडू_सिडको

मध्येच घुसतो, माफी. मीही नवीन आहे. बहिणीच्या हळदीचे फोटो एडिट करतोय. चेहरा लालसर आला म्हणून एचएसएलमध्ये (एकेक रंग वेगळा बदलायचे स्लायडर) ऑरेंजचं सॅच्युरेशन कमी केलं आणि ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, वाढवला. चेहरा सुधारला पण फोटोत जान राहिली नाही. काय चुकतंय कळेना.

सातपूरकर

फोटोत ऑरेंज आणखी कुठे कुठे आहे ते मोज. झेंडूच्या माळा, अंगावरची हळद, सोनं, पितळेचं ताम्हण, लाकडी पाट. माणसाची त्वचा, कुठल्याही रंगाची असो, लाल आणि पिवळ्याच्या मधल्या त्याच पट्ट्यात येते. तू चेहऱ्यासाठी स्लायडर ओढलास आणि सोबत झेंडू वाळवलास, सोन्याचं पितळ केलंस. आपल्याकडच्या समारंभात तो स्लायडर सगळ्या फ्रेमवर वापरायचाच नाही.

आधी व्हाइट बॅलन्स बघ. मंडपाचं कापड कुठल्या रंगाचं होतं? लाल किंवा गुलाबी असेल तर दिवसाचं ऊन त्यातून गाळून चेहऱ्यावर पडतं, चेहरा लाल दिसणारच. फोटोत कुणाच्या तरी अंगावर पांढरा सदरा असेल, ड्रॉपर घेऊन त्याच्या सावलीतल्या भागावर टिचकी मार. बरंचसं काम तिथेच होईल. पांढरा मात्र हळद न लागलेला शोध. उरलेलं मास्कने कर. लाईटरूममध्ये माणूस निवडला की चेहऱ्याच्या त्वचेचा वेगळा मास्क बनतो, त्यावरच हलका हात फिरव.

आणि हळदीत चेहरा पिवळा दिसला तर बिघडलं कुठे? हळद आहे!

नवा_भिडू_सिडको

मंडप गुलाबी होता. 😐 आत्ता कळलं. धन्यवाद सातपूरकर.

निगेटिव्हवाले_काका

हा धागा मुलीने दाखवला म्हणून लिहितो आहे. टायपिंगची सवय नाही, बोलून लिहून घेतो, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी उमेदीच्या काळात मेनरोडच्या बाजूला एका स्टुडिओत रिटचिंगला होतो. तुम्हा तरुण मंडळींना वाटतं ही पुसापुशी फोटोशॉपने आणली. फोटोशॉप १९९० चं. आमच्या उस्तादांनी पेन्सिल हातात धरली ती त्याच्या कितीतरी आधी.

काम असं चाले. उताराचं लाकडी टेबल, मध्ये दुधी काच, खाली आरसा. आरशातून उजेड वर येतो. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, वरून काळं कापड ओढून घ्यायचं. निगेटिव्हच्या मुलाम्याच्या बाजूला आधी एक पातळ द्रव चोळायचा म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखी टोकदार पेन्सिल. प्रिंटमध्ये सुरकुती काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हमध्ये ती पारदर्शक असते. तिथे पेन्सिलीचे बारीक बारीक स्वल्पविरामासारखे ठिपके भरायचे. तेवढा भाग दाट झाला की प्रिंटमध्ये सुरकुती फिकी पडते. रेघ ओढली की संपलं, प्रिंटमध्ये पांढरा ओरखडा दिसणार. आणि निगेटिव्ह एकच. आजच्यासारखं मागे जायचं बटण नाही. जास्त झालं तर द्रवाने पुसून पहिल्यापासून.

उस्तादांचा नियम होता, डोळ्यांखालची घडी अर्धी भरायची. पूर्ण भरली तर डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी रेघ, तिचं तोंड तसंच ठेवायचं आणि शेपूट हलकं करायचं. हसणाऱ्या माणसाची ती रेघ पार काढली तर तो हसतोय की दात दुखताहेत ते कळत नाही. कपाळाच्या आठ्या बायकांच्या हलक्या करायच्या, वकील आणि मास्तर लोकांच्या तशाच ठेवायच्या, ते स्वतःच सांगत, "राहू द्या." वर सातपूरकर यांनी निम्म्या ओपॅसिटीचं लिहिलं आहे ते वाचून हसू आलं. आम्ही पेन्सिलीने तेच करत होतो.

उजळ करण्याची मागणी तेव्हाही होतीच. त्यावर उस्ताद प्रिंट काढताना चेहऱ्यावर हाताची सावली धरायचे, तेवढा भाग कमी एक्सपोज होऊन थोडा उजळ येई. थोडाच. चेहरा उजळ आणि मान सावळी झाली की गिऱ्हाईक भांडायला परत येई. हल्लीच्या फोटोंत चेहरा एका रंगाचा आणि हात दुसऱ्या रंगाचा सर्रास दिसतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

ऋ बेटा, तुझा वाड्यातला फोटो मला आवडला. आजींच्या उजव्या डोळ्यात खिडकी दिसते आहे. ती पुसू नकोस आणि पांढरी शुभ्रही करू नकोस. डोळ्याचं पांढरं हे कधीच कागदासारखं पांढरं नसतं, वर पापणीची सावली असते. ती घालवली की माणूस दचकल्यासारखा दिसतो.

टवाळ_कार्टं

काका, टवाळी बाजूला ठेवून साष्टांग नमस्कार. यावर वेगळा धागा काढाच.

कांदेपोहे_नकोत

+१. टेबलचा फोटो असेल तर डकवा प्लीज.

निगेटिव्हवाले_काका

टेबल स्टुडिओ बंद झाला तेव्हाच भंगारात गेलं. पेन्सिली आहेत.

मिसळ_विथ_पाव

माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाईलच आहे. त्यात तर न सांगताच सगळं होतं. सेल्फी कॅमेऱ्याला ब्यूटी मोड आधीपासूनच चालू होता, कित्येक महिने मला वाटत होतं की नाशिकची हवा मानवली. आणि पोर्ट्रेट मोडमध्ये बायकोची नथ गेली! म्हणजे नाकातली आहे, फोटोत अर्धी धूसर. गजऱ्याची कडाही कातरीने कापल्यासारखी.

सातपूरकर

हा हा, हवा मानवली! ब्यूटी मोड कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये असतो, शून्यावर आणा, दोन्ही कॅमेऱ्यांना. पोर्ट्रेट मोडमध्ये फोन माणसाची कड स्वतः ठरवतो आणि बाकीचं धूसर करतो. नथीतले मोती, सुटे केस, गजरा असली नाजूक कड त्याला कळत नाही. बऱ्याच फोनमध्ये फोटो काढल्यावरही धूसरपणा कमी करता येतो, तो बराच खाली आणा. नाहीतर साध्या मोडमध्ये दोन पावलं मागे जाऊन टेलिफोटोने (लांबचं जवळ आणणारी लेन्स) काढा. तोंडाजवळ फोन नेऊन काढू नका. जवळून नाक मोठं आणि कान लहान येतात, मग लोक नाक बारीक करायचं ॲप शोधतात.

मखमलाबादी

तेच म्हणतो. नाकाचं एडिटिंग पायाने करायचं, मागे सरकून.

गंगापूररोडची_ऋ

सगळ्यांचे मनापासून आभार, खासकरून काकांचे. डोळ्यातल्या खिडकीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

आज वाड्यातला फोटो नव्याने केला. क्लॅरिटी शून्य. घामोळी काढली. डोळ्यांखालचं वेगळ्या लेयरवर केलं, लेयर ४० टक्क्यांवर. कपाळाची चमक ठेवली. आजीला दोन्ही शेजारी शेजारी दाखवले, मामेभावाचाही. तिने त्याचा फोटो बराच वेळ धरला आणि म्हणाली, "हा पण राहू दे, छान आहे." 🙈 म्हणजे आता तिलाच दोन्ही हवेत! गोंदणाचं विचारलं तर म्हणाली ते लहानपणी जत्रेत काढलं, फार दुखलं होतं, फुकट नको घालवूस.

आता प्रिंट काढायची आहे, एक ८ × १२ भिंतीवर आणि काही ४ × ६ नातेवाइकांना वाटायला. माझ्या लॅपटॉपवर छान दिसतंय, पण मागच्या वेळी लॅबमधून प्रिंट काळपट आल्या होत्या. आणि झूम करून बघितलं की अजून खूप काय काय दिसतंय, तेही काढू का?

सातपूरकर

झूम करून बघणं बंद करा! हिशोब सांगतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो रुंदीला ६,००० पिक्सेल. ४ × ६ ची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) रुंदीला १,८००. म्हणजे स्क्रीनवर १० पिक्सेलचा दिसणारा ठिपका प्रिंटमध्ये ३ पिक्सेल, पाव मिलिमीटर. कुणाची मावशी चष्मा लावूनसुद्धा शोधू शकणार नाही. ८ × १२ मध्ये त्याच्या दुप्पट, आणि ती भिंतीवर, हातभर लांबून बघायची. रिटचिंग करताना पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल इतकाच ठेवा, त्यात जे खटकेल तेवढंच करा. डाग काढताना जवळ जा, ठरवताना लांब या.

प्रिंट काळपट येते कारण लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण असतो. प्रकाश फेकणाऱ्या स्क्रीनवर ठीक वाटणारा फोटो कागदावर मंद दिसतो. ब्राइटनेस निम्म्यापर्यंत आणा, रात्रीचा पिवळा मोड बंद करा आणि मग बघा. फाइल एसआरजीबी या रंगांच्या सेटिंगमध्ये काढा. व्हॉट्सॲपवरून साधी पाठवू नका, पार दाबून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून नाहीतर पेनड्राइव्ह.

चौकातला_फोटोवाला

यात एक भर. लॅबवाल्याला आधीच सांगा, "करेक्शन नको." नाहीतर त्यांचं मशीन आपल्या मनाने चेहरे उजळ करतं, ऑपरेटर वर आणखी एक टिचकी मारतो, आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात. आधी त्याच फोटोची एक ४ × ६ काढून दारात नैसर्गिक उजेडात बघा, मग मोठी ऑर्डर द्या. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर बोटांचे ठसे उठतात आणि भिंतीवर लावली की समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं आजींच्या कपाळावर येतं.

गंगापूररोडची_ऋ

मॅटच घेते मग. आणि मामेभावाच्या फोटोची पण एक ४ × ६ काढावी लागणार, आजीची ऑर्डर आहे. ती कुठल्या कागदावर काढू?

टवाळ_कार्टं

ग्लॉसी. डबल ग्लॉसी मिळाला तर तो.